अण्णा नव्हे, ॲना!

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. तिच्या एका पुस्तकात देशातल्या पहिल्या महिला न्यायाधीश म्हणून फातिमा बीवींचं नाव आहे, दुसऱ्यात 'अण्णा चांडी' छापलंय. हे अण्णा बाई कसे? आणि खरं उत्तर कोणतं? – एक पालक

उत्तर : 'अण्णा' वाचून हसू आवरेना. त्या ॲना चांडी. इंग्रजी स्पेलिंगवरून कुणीतरी त्यांचे अण्णा करून टाकलेत!

पुस्तकं दोन्ही बरोबर, प्रश्न अर्धवट. सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या फातिमा बीवी, 1989 साली. उच्च न्यायालयातल्या पहिल्या ॲना चांडी, 1959 साली, केरळमध्ये. न्यायालय सांगितलंच नसेल तर मुलीला ॲनाबाईंचं नाव लिहू दे, कारण त्या 1937 मध्येच त्रावणकोर संस्थानात (आताच्या केरळात) मुन्सफ, म्हणजे कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीश, झाल्या होत्या.

ही बाई मला फार आवडते. 1928 मध्ये त्रिवेंद्रमच्या एका सभेत वक्ते सांगत होते, बायकांना सरकारी नोकऱ्या नकोत, संसार बिघडतील. श्रोत्यांतून तेविशीच्या ॲनाबाई उठल्या आणि उलटतपासणी घ्यावी तसा एकेक मुद्दा खोडत गेल्या. कायद्याची पदवी हाती होती, वकिली अजून सुरू व्हायची होती. पुढे 'श्रीमती' नावाचं मासिक काढलं. विधिमंडळाच्या निवडणुकीत 1931 साली पडल्या, पुढच्याच वर्षी निवडून आल्या.

वकिली केली ती फौजदारी. मी सनद घेतली तेव्हाही आमचे सीनियर म्हणायचे, "बाई, फौजदारीत कशाला पडता? वारस दाखले करा." पट्टेवाला तर पहिले सहा महिने मला पक्षकारांच्या बाकावर बसवत असे. ॲनाबाई माझ्या कितीतरी आधीच्या. यजमान पोलीस अधिकारी. त्या घरात जेवताना काय बोलणं चालत असेल, कोण जाणे.

1948 मध्ये जिल्हा न्यायाधीश, 9 फेब्रुवारी 1959 रोजी उच्च न्यायालय, तिथे 1967 पर्यंत.

आणि तुमच्या दोन पुस्तकांचं भांडण तसं घरातलंच आहे. फातिमाबाईंना विज्ञानातच पुढे शिकायचं होतं. वडिलांनी ॲना चांडींचं उदाहरण पुढे ठेवून त्यांना कायद्याकडे वळवलं. 1958 साली फातिमाबाई मुन्सफ झाल्या, तेव्हा ॲनाबाई अजून जिल्हा न्यायालयातच होत्या.