तिला परत बोलाव

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. दोनदा गर्भपात झालेल्या बाईला तू ओपीडीत म्हणालीस, ‘तुमची इम्युनिटी बाळाला परकं समजते’ आणि ती रडत निघून गेली. तू मनापासून समजावत होतीस, पण हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस.

बाळाची अर्धी जनुकं वडिलांची, तरी आईचं शरीर त्याला नाकारत कसं नाही, हा प्रश्न प्रतिकारशक्तीचे अभ्यासक पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडला. प्रश्न उत्तम होता; त्यातून लढाईची भाषा मात्र आपल्या डोक्यात बसली. पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ७० टक्के एनके, म्हणजे ‘नॅचरल किलर’ पेशी असतात. नावात ‘किलर’ आहे, पण तिथे त्या मारत नाहीत. वारेला भरपूर रक्त मिळावं म्हणून रक्तवाहिन्या रुंदावायला मदत करतात. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन ते अस्तर तयार करतं, दाह आवरतं. प्रतिकारशक्ती झोपत नाही गं, ती काम बदलते.

कोपरीची एक पेशंट आठवते. आमवाताने, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटल्याने, बोटांची पेरं इतकी सुजलेली की लग्नातला चुडा साबण लावूनही चढेना. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या सहज चढल्या. माझ्यासमोर किणकिणवून दाखवल्या तिने. बाळंतपणानंतर दोन महिन्यांत तिला झबल्याची नाडी बांधता येईना. सासूबाई म्हणाल्या, वारा लागला. बाळंतपणानंतर हार्मोन्स झपाट्याने उतरतात, आमवात बऱ्याचदा परततो, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ते अजून सलतं.

म्हणून त्या बाईला परत बोलाव. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. लोकलमध्ये उभं राहिल्यामुळे नाही, हे आधी सांग. नवऱ्यालाही ऐकू दे. मग रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज तपास, पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा. प्रतिकारशक्तीशी जोडलेलं हे कारण खरं आहे आणि त्यावर अ‍ॅस्पिरिन-हेपॅरिनचा उपचारही आहे. रक्तातल्या एनके पेशींची महागडी तपासणी मात्र लिहून देऊ नकोस. दंडातून काढलेलं रक्त गर्भाशयातल्या पेशींबद्दल काही सांगत नाही, आणि आधीच खचलेल्या घराचे पैसे त्यात जातात.

ती आली की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
मॅडम