आईला ठेवलेल्या नर्सिंग होममध्ये रात्री डॉक्टर फोनवरच असतात आणि इंजेक्शनं सिस्टर देतात. हे योग्य आहे का? डॉक्टर आणि नर्सची कामं कशी वाटलेली असतात?

इंजेक्शन सिस्टरने दिलं म्हणून घाबरू नका, ते आम्हा सिस्टरांचंच काम आहे. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टर लिहितात. आम्ही ते देतो आणि दिल्यावर पेशंटवर नजर ठेवतो. भांडण होतं ते डॉक्टर काहीच लिहून न ठेवता घरी जातात तेव्हा.

मी जीएनएम आहे, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर. ठाण्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नाइटला होते. रात्री आरएमओ, म्हणजे तिथेच थांबणारे डॉक्टर, नसायचे, मोठे डॉक्टर 'ऑन कॉल'. एक आजी होत्या, मधुमेहाच्या, किडनीही थोडी कमजोर, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू. संध्याकाळी गोळी दिली गेली, पण जेवण त्यांनी दोन घासांवर सोडलं. मध्यरात्रीनंतर मावशी धावत आल्या, "सिस्टर, आजी काहीतरीच बडबडतायत." अंग घामाने ओलं, हात गार. ग्लुकोमीटरवर ३८. सत्तरच्या खाली आलं की साखर कमी धरतात, आणि ३८ म्हणजे पुढे फिट येऊ शकते. शुद्ध पुरती नव्हती, म्हणून तोंडाने साखरपाणी देता येत नव्हतं, ठसका लागून फुप्फुसात गेलं असतं. डॉक्टरांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. हाताच्या शिरेत व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनची नळी, होताच. मी २५ टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्याची, १०० मिलीची बाटली हळूहळू सोडली. आजींनी डोळे उघडले आणि सुनेचं नाव घेतलं. मी सगळं वेळेसकट नर्सिंग नोट्समध्ये लिहिलं, न उचललेले फोनसुद्धा.

सकाळी डॉक्टर आले आणि नातेवाइकांसमोर म्हणाले, "तू डॉक्टर झालीस का?" नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं, फोनवर ऑर्डर मिळाली असं लिही. मी लिहिलं नाही. त्या महिन्याअखेरीस मी ती नोकरी सोडली. आजही मला तेच पुन्हा करावं लागलं तर मी करीन.

सरकार आमच्यावर किती विश्वास टाकतं ते बघा. २०१०च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बाळंतिणीला झटके आले तर उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन तिला पुढे पाठवू शकते. १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर दोन वर्षं शिकलेली एएनएम हे करू शकते. मग ठाणे शहरात तीन वर्षं शिकलेल्या जीएनएमने साखरेचं पाणी शिरेत सोडलं की ती आगाऊ कशी? फरक एवढाच की तिच्यासाठी कुणीतरी आधी लिहून ठेवलंय आणि आमच्यासाठी ठेवत नाहीत.

लिहून ठेवायला पान-दोन पानं पुरतात. साखर ७०च्या खाली गेली तर काय द्यायचं, ताप चढला तर पॅरासिटामॉल किती, ऑक्सिजन कितीच्या खाली उतरला की मास्क लावायचा, आणि कुठल्या आकड्याला डॉक्टरांनी स्वतः यायचंच. खाली डॉक्टरांची सही. फोनवर ऑर्डर दिली तर सिस्टरने लिहून घेऊन परत वाचून दाखवायची आणि डॉक्टरांनी आल्यावर त्यावर सही करायची. माझ्या त्या डॉक्टरांना हे पान नको होतं, कारण पान असलं की फोन न उचलल्याची वेळही कागदावर येते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, इथेही सांगते.

डॉक्टरांचं काम मी कमी लेखत नाही. डेक्स्ट्रोजने आजी जाग्या झाल्या, पण किडनी कमजोर असताना ग्लिमेपिराइडचा असर लांबतो आणि साखर पुन्हा पडू शकते. ती गोळी बंद करायची का, दहा टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन किती वेळ चालवायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. नवं अँटिबायोटिक, झोपेचं औषध, इन्सुलिनचा बदललेला डोस यातलं काहीही सिस्टरने मनाने देऊ नये. दिलं तर तुम्ही जरूर तक्रार करा.

आणखी एक. मी बोलतेय ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या सिस्टरबद्दल. नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९चा आहे, शिकलेल्या नर्स पुरेशा प्रमाणात हव्यात हे त्यातच आहे. तरी कुठलाही कोर्स न केलेल्या मुलींना युनिफॉर्म चढवून रात्रपाळीला उभं करणारे मालक आहेत. त्यांच्या हातात सिरिंज देणं हा गुन्हा मालकाचा, त्या पोरींचा नाही.

तेव्हा नाइटच्या सिस्टरची नोंदणी आहे का हे विचारा, आणि आईच्या केस पेपरला अशा सूचनांचं सही केलेलं पान लावलंय का ते बघा. नसेल तर ते सिस्टरकडे नाही, डॉक्टरांकडे मागा.