हळद 'प्राणवायुविरोधी' कशी असेल?

प्रश्न असा आला आहे: सांगलीतल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं हळदीवर तक्ता करताहेत. 'अँटिऑक्सिडंट'ला मराठीत 'प्रतिजैविक' म्हणावं की 'प्राणवायुविरोधी'?

दोन्ही नकोत. 'प्रतिजैविक' म्हणजे अँटिबायोटिक, पेनिसिलिनसारखं जिवाणूंवर चालणारं औषध. हा शब्द आधीच दुसऱ्या कामावर रुजू झालेला आहे, आणि औषधाच्या बाबतीत अशी अदलाबदल मुळीच चालवून घेऊ नये.

'प्राणवायुविरोधी'ची गोष्ट वेगळी. 'प्राणवायू' या आपल्या सुंदर नावात त्या वायूचा एकच गुण आला: तो जगवतो. तोच वायू लोखंड गंजवतो, खोबरं खवट करतो, चिरून ठेवलेलं वांगं काळं पाडतो. गंजणं, खवटणं, काळं पडणं या तिन्हींच्या मुळाशी एकच क्रिया आहे, पण घरगुती मराठीत तिला एक नाव नाही. शास्त्राच्या पुस्तकांत आहे, 'ऑक्सिडीकरण'. अँटिऑक्सिडंटचा विरोध या क्रियेला असतो, वायूला नव्हे. ('ऑक्सिजन' हे नावही चुकीच्या समजुतीतून आलं. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला वाटलं, प्रत्येक आम्लात हा वायू असणारच. म्हणून ग्रीकमधून 'आम्लजनक' अशा अर्थाचं नाव दिलं.)

प्राणवायू खरोखर नसला तर काय होतं, हे सांगलीकरांना सांगायला नको. सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची पेवं आठवा. जमिनीत खोल खोदलेली, तोंड बंद केलेली. आत प्राणवायू जवळजवळ उरत नाही म्हणून कीड जगत नाही, उजेड नाही म्हणून हळकुंडाचा रंग उडत नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. ते काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. प्राणवायूला विरोध म्हणाल तर तो असा. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली, याची हळहळ मला अजून वाटते.

हळदीतलं कुरकुमीन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, यातलं काही करत नाही. शरीरात 'मुक्त मूलकं' तयार होतात, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेले अस्वस्थ कण. ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतात, मग तो रेणू पुढच्याचा, अशी साखळी लागते. कुरकुमीन आपला हायड्रोजन देऊन ती साखळी तोडतं. निदान परीक्षानळीत तरी हे स्पष्ट दिसतं. पोटात गेलेलं कुरकुमीन रक्तात फार थोडं उतरतं, आणि हळदीत ते असतंच साधारण २ ते ५ टक्के. म्हणून तक्त्यावर 'हळदीने अमुक रोग बरा होतो' असं मुलांना लिहू देऊ नका.

आता शब्द. 'नाशक' मारतो, 'रोधक' अडवतो; जंतुनाशक आणि गतिरोधक शेजारी ठेवून पाहा. इथे अडवणंच आहे, म्हणून 'ऑक्सिडीकरणरोधक'. लांब आहे, पण अर्थाला पक्का. बोलताना 'अँटिऑक्सिडंट' खुशाल म्हणा, मात्र 'अँटिऑक्सिडंट्स'मधला तो 'स्' सोडा. 'दोन पेन' म्हणतो तसं 'दोन अँटिऑक्सिडंट' मराठीत सहज चालतं.

तक्त्यावर मी असं लिहीन: 'हळदीतलं कुरकुमीन ऑक्सिडीकरणरोधक (अँटिऑक्सिडंट) आहे. खोबरं ज्या क्रियेने खवटतं, तशी क्रिया ते अडवतं.' आणि खाली खोबऱ्याच्या दोन वाट्या ठेवा, एक ताजी, एक खवट. मुलांना वास घेऊ द्या.