पहिल्या केमोआधीचे नऊ दिवस

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या चाळिशीतल्या ताई समुपदेशनाला आल्या त्या यादी घेऊनच. पहिल्या केमोला नऊ दिवस होते. यादीत तीन किलो भाजणी, वर्षाचं तिखट, माळा झाडणे, गाद्या उन्हात घालणे. "मी आडवी झाले तर घरात पानही हलणार नाही, म्हणून आधीच सगळं उरकून ठेवते." नवरा शेजारी गप्प.

बहुतेक घरांत हेच होतं. डबे भरतात, पण सिलिंडर कुठल्या नंबरवर बुक करायचा, दूधवाल्याचा हिशेब काय, सासूबाईंची बीपीची गोळी कोणती, हे त्या बाईच्या डोक्यातच राहतं. आणि ती केमोला जाते तीच दमलेली.

म्हणून यादी बाजूला ठेवून कालनिर्णय घेतलं. ताईंचं औषध दर 21 दिवसांनी होतं. पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकवा, लसणाची फोडणीही सोसवत नाही. तेव्हा पोळ्या बाहेरच्या मावशींकडून, बाकी स्वयंपाक नवऱ्याकडे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या, सगळ्यात कमी होतात. त्या आठवड्यात बारसं-लग्न नाही, भेटायला येणारे नाहीत, कच्ची कोशिंबीर आणि बाहेरची कापलेली फळं नाहीत. बँक, शाळा तिसऱ्या आठवड्यात.

नवऱ्याची तालीम घरीच झाली. ताई खुर्चीवर, हात न लावता. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी. पहिल्या दिवशी शिटीच होईना; झाकणाला रिंग घालायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी खिचडी जमली, मीठ तेवढं जास्त.

दातांची तपासणी आधीच उरकली, कारण किडलेला दात पेशी कमी असताना उपटणं धोक्याचं. गुळण्यांसाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, रोज ताजं. लाल रंगाचं औषध असेल तर दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे, हे घरात सगळ्यांना सांगितलं. केमोनंतर 48 तास संडासात दोनदा फ्लश, झाकण लावून. उलटी किंवा खराब झालेली चादर हातमोजे घालून उचलायची. काढे, गुळवेल वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. शेजारणी आणून देतातच.

सगळ्यात महत्त्वाचा कागद फ्रिजवर लागला: ताप 100.4 किंवा वर गेला, तर वेळ कुठलीही असो, लगेच रुग्णालयाला फोन. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायची नाही. ताप उतरतो आणि आतला संसर्ग झाकला जातो. खाली रात्रीचा फोन नंबर, रिक्षावाल्याचाही. दाराशी पिशवी: फाइल, आधार, रेशनकार्ड, चार्जर, एक साडी.

केमोनंतरच्या दहाव्या रात्री थर्मामीटरवर 101 दिसलं. सासूबाईंनी सवयीने गोळी काढली. सातवीतल्या मुलीने फ्रिजवरचं वाचून दाखवलं आणि गोळी परत डबीत गेली. तासाभरात इमर्जन्सीत सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं.

माळा अजून झाडलेला नाही.