मँडोलिनवर सुरुवात करताय? आधी या 3 कॉर्ड

अभिनंदन! आठ तारा बघून घाबरू नका. त्या जोड्यांनी आहेत, म्हणजे डाव्या हाताला कामं चारच. जाड जोडीपासून सूर जी, डी, ए, ई, व्हायोलिनचेच.

पहिला महिना फक्त या तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर (पडदे म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, वाद्याच्या डोक्याकडून मोजायच्या):

- जी: ए जोडीवर दुसरा पडदा, ई जोडीवर तिसरा
- सी: डी जोडीवर दुसरा, ए जोडीवर तिसरा
- डी: जी आणि ई जोड्यांवर दुसरा

उरलेल्या जोड्या मोकळ्या वाजवायच्या. जी आणि सी नीट पाहा: बोटांचा आकार तोच, फक्त एक जोडी जाड तारांकडे सरकला. हे हाताला समजलं की कितीतरी साधी गाणी साथीला घेता येतात. कॉर्ड बदलताना उजवा हात थांबवू नका. हवी तेवढी लय कमी करा, पण ठोका मोडू नका.

नव्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे बोट पडद्यांच्या मधोमध ठेवून जीव खाऊन दाबणं. पडद्याच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, डोक्याकडच्या बाजूला दाबा. निम्म्या जोरात स्वच्छ सूर येतो. तरीही तार खरखरली तर जोडीतली एकच तार दाबली जातेय का ते बघा.

आणि रोज आधी ट्यूनरने (सूर जुळवायच्या यंत्राने) तारा लावा. जोडीतल्या दोन तारा किंचित जरी वेगळ्या लागल्या, तरी बरोबर धरलेली कॉर्डही बेसूर वाटते, आणि माणूस उगाच स्वतःला दोष देतो.

बोटांची टोकं दुखतील. रोज पंधरा मिनिटं पुरेत. चार बोटांच्या मोठ्या कॉर्ड सध्या राहू द्या. जी वरून सी वर न बघता जाता आलं की कळवा, पुढचं सांगतो.