हौशी लोकांसाठी टॉर्च बनवण्याची स्पर्धा घ्यायची आहे. कुणावर अन्याय होणार नाही असे नियम कसे ठरवावेत?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळच्या तुमच्या गावात गणपतीत ही स्पर्धा ठेवताय, आणि तीन गोष्टी विचारल्यात: उजेड कसा मोजायचा, खर्चाची मर्यादा किती आणि ‘स्वतः बनवलेली’ कशाला म्हणायचं. पहिल्या दोन्हींचं उत्तर जाणकार कुणीही देईल. मी तिसऱ्यासाठी लिहितोय, कारण याच शब्दावरून माझी टॉर्च बाद झाली होती. सहा वर्षं झाली, अजून ते मनातून गेलेलं नाही.

मी बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे, म्हणजे लेथवर धातू कातायचं काम करतो. गाव संकेश्वरकडे, वडील तिथेच असतात. पंपाची थ्री फेज वीज रात्री आली की उसाला पाणी पाजायला बांधावरून जायचं, आणि हातात बॅटरी (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात) चांगली नसली तर पाय कशावर पडेल सांगता येत नाही. बाजारातल्या टॉर्च त्यांना चार-सहा महिने पुरायच्या. म्हणून मी स्वतः बनवायला लागलो.

त्या वर्षी आमच्या भागातल्या एका मंडळाने स्पर्धा ठेवली. कागदावर नियम दोनच: टॉर्च हाताने बनवलेली असावी, खर्च आठशे रुपयांच्या आत असावा. मी मालकांना विचारून शिफ्ट संपल्यावर लेथवर बसायचो. अॅल्युमिनियमच्या २५ मिलिमीटर रॉडचा उरलेला तुकडा घेतला, त्यात १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाडीचा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) बसेल असं १९ मिलिमीटरचं भोक पाडलं. अॅल्युमिनियम मऊ, ड्रिल एका दमात आत सारलं तर ते टुलाला चिकटतं. दर पाच मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढायचं, किस झटकायचा, रॉकेलचे थेंब सोडायचे, पुन्हा आत. भोक पुरं व्हायला एक संध्याकाळ गेली. मग मागच्या टोपणाचे आटे. पहिलं टोपण सैल झालं, फेकलं. दुसऱ्याचे आटे मध्येच तुटले. तिसरं दोन बोटांनी फिरायचं आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात रबरी ओ-रिंगवर घट्ट बसायचं. आमच्या शॉपमधल्या जुन्या कानडी मिस्त्रींनी ते चार-पाच वेळा उघडून लावून बघितलं आणि एवढंच म्हणाले, “चलो ऐती,” म्हणजे चांगलं झालंय. त्यांच्या तोंडून याहून जास्त कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षकांनी टॉर्च हातात घेतली, नर्लिंगवरून (पकडीसाठी पाडलेल्या खरबरीत नक्षीवरून) अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. “हे मशीनचं काम हाय. हातानं केलेलं दाखवा.” मी म्हटलं, साधा लेथ आहे, संगणकावर चालणारा सीएनसी नव्हे, हँडव्हील मीच फिरवलंय. ऐकलं नाही.

पहिला नंबर माझ्या मित्राला गेला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याने बाजारातून तयार टॉर्च आणली, आतला एलईडी, रिफ्लेक्टर, सर्किट सगळं तसंच काढून पीव्हीसी पाइपमध्ये बसवलं आणि वरून सुतळी गुंडाळली. दिसायला सुंदर होती, ते मी नाकारत नाही. उजेड मोजला मोबाइलच्या अॅपवर, बटण दाबल्या दाबल्या.

नंतर चहाच्या गाड्यावर आम्ही दोन्ही टॉर्च समोरच्या भिंतीवर लावून ठेवल्या. पाच मिनिटांत त्याचा डाग पिवळट आणि लहान दिसायला लागला. कारण उघड आहे. एलईडी तापला की उजेड घटतो, आणि त्याचा एलईडी पातळ पत्र्यावर होता, पत्रा पाइपच्या पोटात. उष्णतेला बाहेर यायला वाटच नव्हती. माझ्या टॉर्चमध्ये एलईडी तांब्याच्या चकतीवर आणि चकती थेट अॅल्युमिनियममध्ये दाबून बसवलेली. बॉडी हाताला चांगली गरम लागत होती, उजेड होता तसाच होता. मित्र गप्प बसून बघत होता. पण निकाल लागून गेला होता.

त्याचं म्हणणं आजही तेच आहे: मशीन वापरलं की ते हाताचं राहत नाही. मी त्याला दर वेळी विचारतो, पाइपला भोक तू कशाने पाडलंस? ड्रिलनेच ना? आमच्याच बेळगावातल्या वडगाव-शहापुरात पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणल्या जातात. हातमागालाही लाकडाचा माग लागतो, पायाखाली पट्ट्या लागतात, तरी त्या साडीला आपण हातमागाचीच साडी म्हणतो. मग टोपणाचे आटे डोळ्यांनी बघून, हाताने टूल सारून पाडले, ते हाताचं काम का नाही?

म्हणून तुमच्या कागदावर ‘हाताने बनवलेली’ हे शब्दच घालू नका. असं लिहा: बॉडी, एलईडीखालचा धातू, वायरिंग आणि टोपण स्पर्धकाने स्वतः केलेलं असावं, हत्यार कुठलंही चालेल. एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट), लेन्स, स्विच आणि सेल विकत घ्यायला मुभा. तयार टॉर्च फोडून तिचं डोकं जसंच्या तसं वापरलं तर ती टॉर्च स्पर्धेत नाही, हेही स्पष्ट लिहा. आणि स्पर्धकाला टेबलावर टॉर्च उघडून पुन्हा जोडायला लावा. ज्याने ती बनवली आहे तो न बघता जोडतो, दुसऱ्याकडून करून आणलेल्याचे हात अडतात. दोन मिनिटांत कळतं. हवं तर अर्धवट कामाचे फोटोही मागा. कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत काढा, मुलं दोन्हींकडची येणार.

उजेडाबद्दल थोडक्यात. मोबाइलचं अॅप नको, प्रत्येक फोन वेगळा आकडा दाखवतो. लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र) उसना आणा. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी एफएल १ नावाचं मानक निघालं. त्यात उजेड चालू केल्यापासून ३० सेकंदांनी ते दोन मिनिटांच्या आत मोजतात, आणि सेल किती वेळ चालला हे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. तुम्ही तर पाचव्या मिनिटालाही एकदा मोजा. अंधाऱ्या खोलीत पाच मीटरवर डागाच्या मध्यभागी मीटर धरा, आलेल्या लक्सला २५ ने (पाच गुणिले पाच) गुणा, कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता, मिळेल. त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की झोत किती मीटर जातो ते कळतं. ४०० लक्स आले तर १०,००० कँडेला, म्हणजे २०० मीटर. पण नुसत्या लांब झोताला बक्षीस देऊ नका. बांधावर चालणाऱ्याला पायाजवळ पसरलेला उजेड लागतो, त्याचे गुण वेगळे ठेवा.

मोजताना सेल तुमचाच, एकाच पाकिटातला, सगळ्यांना सारखा, ४.२ व्होल्टपर्यंत भरलेला. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल आणू देऊ नका. शॉर्ट झाला तर बंद नळीत तो फुटू शकतो, आणि आजूबाजूला मुलं असणार. यात कुणाची भीड धरू नका.

खर्चाची मर्यादा तुम्ही ठरवा, फक्त पावत्या मागा आणि भंगारातला माल भंगाराच्या भावाने धरा.

आता एक गोष्ट जी मी मित्राला तोंडावर कबूल केलेली नाही. आठवीतल्या पोराच्या घरी लेथ नसतो. त्याने कानशीने आणि करवतीने केलेली टॉर्च माझ्या टॉर्चशेजारी ठेवली तर परीक्षकाचा डोळा माझ्याकडेच वळणार, आणि तेही बरोबर नाही. म्हणून दोन गट करा: एक फक्त हातहत्यारं आणि हातातलं ड्रिल, दुसरा लेथ-मिलिंगवाल्यांचा. दोन्हींना सारखंच बक्षीस. लेथवाल्यांचा गट खाली किंवा ‘व्यावसायिक’ म्हणून वेगळा काढू नका. मीही दिवसभर दुसऱ्याचं काम करून रात्री हौसेपोटीच उभा राहतो.

ती टॉर्च वडिलांकडे आहे. स्विचचं रबर एकदा बदललं, सेल दोनदा, टोपण तेच. तुमची तारीख ठरली की इथेच कळवा, दुसऱ्या गटात माझं नाव धरा. मित्रालाही घेऊन येतो, तो पहिल्या गटात उतरेल.