वाचकांचे प्रश्न : पाईप अडकण्याआधी चुरा कमी येतो

प्रश्न : माझ्या बोअरवेलच्या दोन गाड्या आहेत, माण-खटाव भागात पंचवीस वर्षं हाच धंदा. मुलगा ड्रिलिंग इंजिनिअर झाला आणि केनियात ओल्कारियाला भू-औष्णिक विहिरींच्या रिगवर लागला. परवा फोनवर म्हणाला, पाईप अडकलाय, चार दिवस तेच चाललंय. आमचा हॅमर अडकतो तसंच का हे? एवढी मोठी यंत्रं असून अडकतंच कसं?
– एक वाचक, दहिवडी

उत्तर : दुखणं तेच. फोडलेला खडक वर आला नाही की पाईपभोवती बसतो. लाल मातीच्या थरात हॅमरच्या डोक्यावर गाळाचं कडं बसतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. पण तुमच्या साडेसहा इंची बोअरमध्ये कॉम्प्रेसरची हवा मिनिटाला हजार मीटरपेक्षाही वेगाने वर धावते, चुरा तिच्याबरोबर उडतो. तिकडे ते काम मडला (पाण्यात माती कालवलेल्या दाट द्रवाला), पाण्याला किंवा हवा मिसळलेल्या पाण्याला करावं लागतं आणि भोक रुंद असतं.

मी ओल्कारियात तीन वर्षं मड इंजिनिअर होतो. तिथे रोज करायचो तो हिशेब सांगतो. साडेसतरा इंची भोक, आत पाच इंची पाईप, पंप मिनिटाला ३००० लिटर. पाणी वर चढतं मिनिटाला जेमतेम २१ मीटर. आणि हरभऱ्याएवढा खडा साध्या पाण्यात मिनिटाला २० ते २५ मीटर बुडतो. म्हणजे पंप जोरात चाललाय, वर पाणीही येतंय, पण खडा जागच्या जागी! म्हणून वरच्या भागात बेंटोनाईट या चिकणमातीचा दाट मड वापरतात. सव्वाबारा इंची भोकात तोच पंप ४७ मीटर वेग देतो, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो.

खाली वाफेच्या थरात मड चालत नाही. ज्या भेगांतून वाफ यायची त्याच तो बुजवतो. तिथे पाणी वापरायचं आणि अधूनमधून दाट जेलचा एक मोठा घोट सोडायचा; रिगवर त्याला स्वीप म्हणतात. शिवाय ओल्कारियात पाण्याची पातळी खोल आणि खडक भेगाळ, त्यामुळे सोडलेलं पाणी भेगेत निघून जातं. पाण्यात हवा किंवा फोम मिसळून स्तंभ हलका करतात, तो ते परत वर यावं म्हणून. कधीकधी तेही जमत नाही. आइसलंडमध्ये रेक्यानेसची विहीर जानेवारी २०१७ मध्ये ४,६५९ मीटरवर पोचली, तेव्हा तीन किलोमीटरच्या खालचं जवळजवळ सगळं ड्रिलिंग चुरा वर न येताच झालं होतं. अशा वेळी ‘चुरा भेगेत जातोय, बरंच आहे’ असं समजून निर्धास्त राहणं मला फार धोक्याचं वाटतं. भेग बुजली किंवा पंप थांबला, की लोंबकळत असलेलं सगळं खाली बिटवर, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकावर, येऊन बसतं.

आमच्या रिगवर हे एकदा घडलं. सव्वाबारा इंची भोक, खोली ६८० मीटरच्या आसपास, रात्रपाळी. दोनपैकी एक पंप दुरुस्तीला उघडलेला. ३००० चे १८०० लिटर झाले, म्हणजे वेग २८ मीटर. बिट मात्र छान कापत होता, म्हणून काम थांबवलं नाही. शेकरवर, म्हणजे वर आलेल्या मडमधून चुरा गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर, चुरा कमी येतोय आणि बारीक येतोय, हे मी पाहिलं. सांगितलंही, पण एकदाच. नवा पाईप जोडायला पंप बंद केला, परत उचलताना वीस टन जादा ओढ लागली. ड्रिलरने आणखी ओढलं आणि पाईप गच्च बसला. पाच दिवस झटून शेवटी सांध्याजवळ स्फोटक दोरी उडवून वरचा पाईप सोडवला, खालचे ड्रिल कॉलर (बिटच्या वरचे जाड, जड पाईप) तिथेच राहिले आणि बाजूने नवं भोक घ्यावं लागलं. मी तेव्हा हटून बसायला हवं होतं.

त्यानंतर मी चुरा मोजायला लागलो. सव्वाबारा इंची भोकात एका मीटरमागे ७६ लिटर घट्ट खडक निघतो. साडेनऊ मीटरच्या एका पाईपमागे ७२० लिटर, वजनाने पावणेदोन टनांच्या आसपास. तेवढा शेकरवरून पडला का? मड परत येत असताना एवढा पडला नसेल, तर उरलेला भोकातच आहे, मग पंपाचा काटा काहीही दाखवो. मग बिट थांबवायचा, पाईप फिरवत वर-खाली करत धुवायचं आणि शेकर मोकळा वाहायला लागेपर्यंत नवा पाईप जोडायचा नाही. जोडणीनंतर बिट तळाला टेकतो की दोन मीटर वरच अडतो, हेही दर वेळी लिहून ठेवायचं. काल अर्धा मीटर, आज दोन, म्हणजे गाळ साचतोय.

तुम्ही गाडीवर उभं राहून तोंडावर येणाऱ्या चुऱ्याच्या रंगावरून, आवाजावरून थर ओळखता. तुमच्या मुलाने शेकरपाशी तसंच उभं राहावं असं मला वाटतं. केबिनमधल्या पडद्यावर हे उशिरा कळतं.

हे छापून येईपर्यंत त्यांचा पाईप सुटलेला असावा, ही मनापासून इच्छा. नसेल तर त्याला एकच विचारा : पाईप वर ओढताना अडकला की खाली जाताना? वर ओढताना चुऱ्यात अडकला असेल, तर आणखी ओढून चुरा जास्तच घट्ट होतो. पंप अगदी हळू ठेवायचा, पाईप फिरवायचा प्रयत्न चालू ठेवायचा आणि जार (अडकलेल्या पाईपला हिसका देणारं अवजार) खालच्या दिशेने मारायचा.